शांतारामभाऊंची किल्ली

खांबावर चढायच्या आधी शांतारामभाऊ त्याला कान लावायचे. पकडीने तीन ठोके मारायचे आणि कान टेकवून जरा वेळ गप्प उभे राहायचे. आत काय ऐकू येतं असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "खांब सांगतो चढू की नको. माझ्या सासऱ्यापेक्षा बरा आहे, विचारलं तर उत्तर तरी देतो." मग बूट काढून मोटारसायकलच्या आरशाला अडकवायचे. बुटात पायाला खांब धरता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. काम झालं की वरूनच ओरडायचे, "थई ग्युं!" त्यांची आई उंबरगावकडची, त्यामुळे वर चढले की त्यांच्या तोंडात गुजराती यायची आणि खाली उतरले की मराठी. त्यांचं "थई ग्युं" ऐकलं की घराघरातल्या बायका बटणं दाबून बघायच्या.

डहाणूहून बोर्डीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडा आत आमचा पाडा आहे. साठेक घरं, चिकूच्या वाड्या, थोडी भातशेती, थोडी भाजी. वाडीचं पाणी पंपावर आणि नळाचं पाणीही पंपावरच, म्हणून वीज गेली की नुसता अंधार होत नाही, घागरी रिकाम्या राहतात. दोन खांबांवर बसवलेला ट्रान्सफॉर्मर आणि त्याच्या खाली फ्यूजची लोखंडी पेटी, या सगळ्याला मिळून आमच्याकडे डीपी म्हणतात. आमचं घर त्या डीपीच्या बरोबर समोर. शांतारामभाऊ वीज कंपनीचे वायरमन. त्यांच्याकडे सात गावं होती.

त्यांना कायदा फार आवडायचा. खांबाच्या ताणाच्या तारेला कुणी बकरी बांधलेली दिसली, कुणी धुणं वाळत घातलेलं दिसलं, की मोटारसायकल बंद न करताच ते सुरू व्हायचे. "सार्वजनिक मालमत्ता आहे ही! विजेच्या सामानाचं नुकसान, सहा महिने ते पाच वर्षं सक्तमजुरी! जामीनसुद्धा सरकारी वकिलाला विचारल्याशिवाय नाही!" हे सगळं ते एका दमात म्हणायचे. लग्नाच्या मांडवाची दोरी खांबाला बांधली म्हणून एकदा त्यांनी नवऱ्यामुलालाच कायदा ऐकवला होता. मग तिथेच जेवून, आहेराचा रुमाल खांद्यावर टाकून गेले.

आमच्या शेजारच्या सोनीकाकी कुणाला ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांचा बोकड रोज त्याच तारेला बांधलेला असायचा. भाऊंनी एकदा त्यांना पाच वर्षं सुनावली तेव्हा काकी चिंच फोडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गुन्हा बोकडाने केलाय. त्याला ने धरून."

"काकी, हसण्यावारी नेऊ नका."

"अरे, ने की. पाच वर्षं सरकारच्या घरचा पाला खाईल. मी काय जामीन द्यायला येत नाही."

भाऊ इतके हसले की मोटारसायकल बंद पडली. बोकड तिथेच राहिला.

त्यांचा कायदा हा असा होता. तोंडात मोठा आणि हातात मऊ. तारेवर आकडे टाकणारी दोन-चार घरं आमच्याकडेही होती. कधीतरी तपासणीला मोठे साहेब येत, तेव्हा भाऊ पुढे असायचे आणि वळणापासूनच त्यांचा हॉर्न सुरू व्हायचा. साहेब म्हणायचे, "एवढा हॉर्न कशाला?" भाऊ म्हणायचे, "साहेब, इथे कोंबड्या फार." तेवढ्यात आकडे उतरलेले असायचे. साहेब गेल्यावर मात्र ते त्याच घरात जाऊन बसायचे आणि मीटरचा अर्ज स्वतःच्या हाताने भरून द्यायचे. अशाने आमच्याकडची तीन घरं त्यांनी मीटरवर आणली. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर हे लिहायचं कारण नव्हतं.

दोन हजार चौदाच्या पावसात आमचा फ्यूज सारखा उडायचा. भाऊ सात गावं फिरणार, आमची पाळी कधी यायची याचा नेम नसायचा. नळाचं पाणी दोन-दोन दिवस बंद. एका सकाळी ते आले ते थेट आमच्या ओट्यावर. त्यांनी आमच्या ह्यांना हाक मारली.

"हरेश्वर, तुझं घर समोर आहे. फ्यूज घालायला शिक. मी इथे नसेन तेव्हा तू."

आमचे हे दोन पावलं मागे सरले. त्यांना विजेची भीती लहानपणापासून. एकदा मिक्सरने झटका दिला, तेव्हापासून घरातलं बटणही ते केरसुणीच्या दांड्याने दाबतात. पाड्यात सगळ्यांना माहीत आहे, मुलं त्यांची नक्कल करतात. "भाऊ," ते म्हणाले, "चिकूच्या शेंड्यावर चढायला सांगा, चढतो. हे नको."

मी दारात उभी होते. भाऊंचं लक्ष माझ्याकडे गेलं. "मग वयनी, तुम्ही?"

 मला परक्यांशी बोलायला जमत नाही. पण मी चपला घातल्या आणि त्यांच्या मागे गेले.

त्यांनी मला पाच-सहा वेळा दाखवलं असेल. आधी खांबाच्या बाजूचं हँडल खाली ओढायचं, म्हणजे वीज तुटते. मग कोरड्या लाकडी पाटावर उभं राहायचं, पायात रबरी चप्पल. पेटी उघडायची. चिनीमातीचा पांढरा फ्यूज सरळ ओढायचा, तिरका नाही. जळालेली तार काढायची, नवी घालायची, स्क्रू आवळायचा. फ्यूज परत बसवायचा आणि सगळं बंद करून मगच हँडल वर. डावा हात नेहमी कमरेच्या मागे, कारण दोन्ही हात कामात घातले की वीज छातीतून जाते. सातव्या वेळेला ते लांब जाऊन बांधावर बसले आणि म्हणाले, "आता मी नाही." मी सगळं केलं. हँडल वर नेलं आणि आमच्या घरात पंखा फिरला. भाऊ बांधावरून ओरडले, "थई ग्युं!" तेव्हापासून पेटीच्या कुलपाची किल्ली आमच्या देवळीत राहिली.

हे नियमात बसत नाही हे त्यांना माहीत होतं. मलाही त्यांनी सांगितलं होतं. "वयनी, कागदावर किल्ली माझ्याकडे आहे. पण कागदाला रात्री पाणी लागत नाही."

सात गावांत ते माझं नाव सांगत फिरले. कुठल्या पाड्यातला फ्यूज घालणारा तरुण चुकला की त्याला म्हणायचे, "डीपीसमोरच्या वयनीकडे जा आणि शिकून ये. चौथी शिकली आहे, पण हात इंजिनिअरचा." असं सोनीकाकी येऊन सांगायच्या. मी भांडी घासत ऐकायचे. दोन वर्षं मी फ्यूज घातले. पाड्यातल्या बायका मला दारातून हाक मारायच्या, "गो, लाईट गेली!" आणि मी पाट घेऊन निघायचे. मला कुणाशी जास्त बोलावं लागत नव्हतं आणि तरी सगळ्यांना माझी गरज होती. मला ते बरं वाटायचं.

मग बाजूच्या मोठ्या वाडीत दोन नवे पंप बसले. उन्हाळा सुरू झाला आणि फ्यूज दिवसातून तीनदा उडायला लागला. एक पदर तार घातली की तासात जळायची. मी भाऊंना सांगितलं. माझं ते सगळ्यात लांब बोलणं असेल. "भाऊ, डीपीला भार सोसत नाही. आवाज वेगळा येतो."

ते घाईत होते. मोटारसायकलवरूनच म्हणाले, "अर्ज केलाय मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा. येईल तेव्हा येईल. तोवर तीन पदर पिळून घाला."

"जाड होईल ना?"

"मोसम निघू दे वयनी. पाऊस पडला की पंप बंद, मग परत एक पदर."

जाड तार घातली की फ्यूज जळत नाही, पण मग सगळा भार ट्रान्सफॉर्मरवर जातो, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. तरी मी तीन पदर घातले. त्यांनी सांगितलं म्हणून. ही चूक माझी आहे आणि ती मी कुणावर ढकलत नाही.

बारा-तेरा दिवस फ्यूज टिकला. सगळे खूश. मग एका दुपारी डीपीतून उकळल्यासारखा आवाज आला, काळं तेल खांबावरून खाली वाहिलं आणि धूर निघाला. पाड्याचे दिवे गेले, पंप गेले, नळ गेले. लग्नसराई होती. अकरा दिवस टँकर आला. त्या वर्षी आमच्या भागात जळलेला तो काही पहिला ट्रान्सफॉर्मर नव्हता आणि वरून हुकूम आला होता, की यापुढे चौकशी करून गुन्हा नोंदवायचा.

संध्याकाळी भाऊ आले. चेहरा उतरलेला. ओट्यावर बसले नाहीत.

"वयनी, किल्ली द्या. उद्या साहेबांना पेटी दाखवायची आहे."

मी देवळीतून किल्ली काढून दिली. त्यांनी ती खिशात घातली आणि शर्टावरून हात दाबून बघितला. "कुणी विचारलं तर काही बोलू नका," म्हणाले. मला ते सांगायची गरज नव्हती. मी कुठे बोलते?

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पेटी उघडली आणि फ्यूजमधली तीन पदरी तार सगळ्यांसमोर धरली. "ही कुणी घातली?" पाड्यातली माणसं खाली बघत होती. ज्यांच्या घरी मी पाट घेऊन धावले होते तीसुद्धा. मी आमच्या दारात होते. माझ्या मनात आलं, आता भाऊ म्हणतील, मी सांगितलं म्हणून घातली. निवृत्तीला त्यांची तीन वर्षं राहिली होती. त्यांनी नाक पुसलं आणि म्हणाले, "समोरच्या घरातला हरेश्वर. मी त्याला दोनदा ताकीद दिली होती, साहेब."

आमचे हे वाडीत चिकू काढत होते. जाळीची काठी हातात असतानाच पोलिसांनी त्यांना बोलावून नेलं.

शब्द ऐकले होते, पण मला लागलीच कळलं नाही की भाऊंनी काय केलं. कळलं तेव्हा मी सोनीकाकींना बरोबर घेऊन पोलीस ठाण्यात गेले. आयुष्यात पहिल्यांदा. हे एका बाकावर बसले होते आणि वर पंखा फिरत होता त्याच्याकडे घाबरून बघत होते. भाऊ फौजदारांच्या टेबलाजवळ खुर्चीवर. जबाब चालला होता.

मी उभ्या उभ्या म्हणाले, "फ्यूज मी घालते."

फौजदारांनी वर बघितलं. "काय?"

"मी घालते. दोन वर्षं झाली. ह्यांनी पेटीला हात लावलेला नाही."

हवालदार हसला. फौजदार मात्र हसले नाहीत. त्यांनी भाऊंना विचारलं, "काय हो, वायरमन? ही म्हणते ते खरं?"

भाऊंनी माझ्याकडे बघितलं नाही. टेबलावरच्या कागदाकडे बघत ते म्हणाले, "साहेब, चौथी शिकलेली बाई आहे. नवऱ्याला सोडवायला बोलते. हिला फ्यूज कुठून उघडतात तेही माहीत नाही."

मी तोंड उघडलं. हँडल, पाट, चप्पल, डावा हात, सगळं मला पाठ होतं. एवढं सांगितलं असतं तर फौजदारांना कळलं असतं. पण आवाज फुटला नाही. हवालदार म्हणाला, "बाई, बाहेर बसा." आणि मी बाहेर जाऊन बसले. ते मी का केलं हे मला अजून कळत नाही.

थोड्या वेळाने भाऊ बाहेर आले. माझ्यापासून चार हात लांब उभे राहून हळू म्हणाले, "वयनी, बाईमाणसाचं नाव गुन्ह्यात कसं घालायचं? तुमचीच अब्रू वाचवली मी."

 बोलल्या सोनीकाकी. "शांताराम, तू खांबावरून पडला असतास तर आम्ही रडलो असतो रे. आता तेवढंही ठेवलं नाहीस."

ते मोटारसायकलला किक मारत राहिले. तीन-चारदा मारल्यावर ती सुरू झाली.

ह्यांना जामीन मिळायला पाच दिवस गेले. ते शेवटच्या दिवशी घरी आले तेव्हा त्यांनी मला एकच विचारलं, "त्यांनी माझंच नाव का घेतलं गो? मी तर बटणपण दाबत नाही." माझ्याकडे उत्तर होतं, पण ते त्यांना सांगायला मला लाज वाटली. माझ्यामुळे. माझ्या कौतुकामुळे फ्यूज म्हटलं की आमचंच घर सगळ्यांच्या तोंडी होतं.

पुढे तारखा सुरू झाल्या. सहा महिने ते पाच वर्षं, हे शब्द आता वकीलबाईंच्या तोंडून ऐकू यायचे आणि त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. तारखेच्या आदल्या दिवसापासून हे जेवायचे नाहीत. मी वकीलबाईंना सगळं सांगितलं होतं, कागदावर लिहून, कारण बोलून जमलं नसतं. त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, "ताई, हे खरं आहे, पण तुमच्या बाजूने बोलणारा एक तरी माणूस द्या." पाड्यात मी सात घरी गेले. चहा सगळ्यांनी दिला. साक्षीला यायला कुणी तयार झालं नाही. उद्या आपल्यावरच गुन्हा आला तर, म्हणाले. सोनीकाकी आल्या असत्या. पण मधल्या एका पावसाळ्यात त्या वारल्या.

डीपीला नवा ट्रान्सफॉर्मर बसला. नवा वायरमन आला. फ्यूज उडतो तेव्हा आता दुसरं कुणीतरी घालतं. मी दार ओढून घेते.

भाऊंची साक्ष झाली ती दोन हजार एकोणीस साली. तोपर्यंत ते निवृत्त होऊन तलासरीकडे आपल्या गावी राहायला गेले होते. केस पांढरे झाले होते, खांदे उतरले होते. सरकारी वकिलांनी विचारलं तेव्हा त्यांनी ह्यांच्याकडे बोट दाखवलं. "हाच तो." मग वकीलबाई उठल्या.

"पेटीला कुलूप होतं?"

"होतं."

"तुटलं होतं?"

"नाही."

"किल्ल्या किती?"

"एकच."

"ती कुणाकडे असायची?"

 किल्ली दुसऱ्या कुणाकडे होती असं म्हटलं असतं तर इतकी वर्षं सांभाळलेलं त्यांचं नाव, पेन्शन, सगळ्यालाच धक्का लागला असता. "माझ्याकडे," ते म्हणाले. "नेहमी माझ्याकडेच."

"मग न तुटलेलं कुलूप आरोपीने उघडलं कसं?"

 भाऊंनी रुमालाने मान पुसली. "ते मला सांगता येणार नाही."

पुढच्या महिन्यात निकाल लागला. पुरावा नाही म्हणून हे सुटले. निकालाच्या दिवशी भाऊही आले होते. का आले होते ते मला माहीत नाही. हे कोर्टाच्या पायरीवर बसून तोंडाला पदरासारखा टॉवेल लावून रडत होते. भाऊ माझ्याजवळ आले.

"सुटला ना?" ते म्हणाले. "मी किल्ली माझ्याकडे होती म्हणालो म्हणून सुटला. कळलं ना, वयनी?"

तेव्हापासून मी याचा विचार करते. त्यांनी ते मुद्दाम म्हटलं होतं, की स्वतःला वाचवताना ह्यांचाही जीव वाचला आणि मग त्यांनी ते आपल्या नावावर घेतलं? त्यांच्या तोंडावरून मला ओळखता आलं नाही. पूर्वी आलं असतं.

मी म्हणाले, "भाऊ, मला फ्यूज घालता येत होता. एवढं एकदा म्हणा."

त्यांनी आजूबाजूला बघितलं. कंपनीचे साहेब चहाच्या टपरीजवळ उभे होते. कोर्टातला शिपाई होता. दोन-चार वकील.

"आता कशाला?" ते म्हणाले. "झालं ना सगळं."

तलासरीची जीप भरत आली होती. ते घाईने गेले आणि मागच्या बाजूला, रस्त्याकडे तोंड करून बसतात त्या फळीवर बसले. जीप लगेच सुटली नाही. ड्रायव्हर एका सीटसाठी ओरडत होता. मी पायरीजवळ उभी होते आणि ते माझ्याकडेच बघत होते, कारण तिथे बसलेल्या माणसाला दुसरीकडे बघायला जागा नसते. माझ्यात आणि त्यांच्यात दहा पावलांचंही अंतर नव्हतं. हळू बोलले असते तरी मला ऐकू आलं असतं.

मग सीट भरली आणि जीप निघाली. वळेपर्यंत ते दिसत होते. त्यांना बोलायला तेवढा वेळ होता.